शेकोटीचा खड्डा : दगड ओळखा, मगच रचा

दिवाळी सरली, कापसाची वेचणी जोरात आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात संध्याकाळी गारठा जाणवू लागतो. अंगणात, गोठ्याजवळ, वावरातल्या मांडवापुढे शेकोट्या पेटतात. कुठे हुरड्याची आगटी लागते, कुठे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले जातात. लग्नसराई आली, सप्ताह आला की पंगतीच्या स्वयंपाकासाठी चर खोदून चुलाण मांडलं जातं. विस्तव आपल्या घरादाराचा रोजचा सोबती आहे, त्याची भीती अशी आपल्याला नाही.

अलीकडे मात्र एक फरक दिसतो. पूर्वी शेकोटी म्हणजे चार काड्या, थोडी पऱ्हाटी, जागा मिळेल तिथे जाळ. सकाळी राख झाडली की संपलं. आता बरेच शेतकरी घरापुढे किंवा वावरात कायमचा खड्डा करतात. गोल खणायचा, आतून काहीतरी रचायचं, म्हणजे दरवर्षी उपयोगी पडतो. कल्पना चांगली आहे. राख उडत नाही, निखारे पसरत नाहीत, लेकरंबाळं एका कडेच्या बाहेर राहतात. प्रश्न त्या ‘काहीतरी’चा आहे. खड्ड्याला आतून जे लावलं जातं ते बहुतेक वेळा घराजवळ पडलेलं असतं : नाल्यातले गोटे, विहिरीच्या खोदकामातला दगड, घरकुलाच्या कामातून उरलेले सिमेंटचे तुकडे, जुना पत्रा, कापलेला ड्रम. फुकटचं म्हणून ते वापरलं जातं, आणि नेमकं हेच सामान आगीजवळ सगळ्यात दगाबाज आहे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तापलेला दगड फुटला तर तो हळूच दुभंगत नाही. फटाक्यासारखा आवाज होऊन त्याच्या कपच्या उडतात. शेकोटीभोवती आपण उकिडवे बसतो, म्हणजे चेहरा आणि डोळे थेट त्या उंचीला असतात. लहान मूल तर त्याहून जवळ असतं. म्हणून खड्डा करण्याआधी कोणता दगड, कोणती वीट, कोणती माती हे समजून घेणं गरजेचं आहे. खर्च फार नाही, फक्त निवड बरोबर हवी.

आग किती तापते?

पऱ्हाटी किंवा बाभळीच्या लाकडाचा निखारा साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. वारा लागला तर काही ठिकाणी त्याच्याही वर जातो. पाणी १०० अंशाला उकळतं, हे लक्षात ठेवा, म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. खड्ड्याच्या आतल्या बाजूला जे सामान आहे, त्याला ही उष्णता तासन् तास सोसायची असते. वरून पुन्हा रात्रीचं दव, पहाटेचा गारठा आणि पावसाळ्याचं पाणी.

सामान निवडण्याचा एक साधा नियम आहे. जे आगीतून तयार झालेलं आहे ते आग सोसतं. जे पाण्यातून घट्ट झालेलं आहे, किंवा ज्याच्या पोटात पाणी आहे, त्याचा आगीजवळ भरवसा नाही. पुढे सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला हा नियम लावून पाहा.

नाल्यातला गोटा दिसतो गुळगुळीत, पण...

पैनगंगा असो, अडाण, अरुणावती, बेंबळा की पूस. नदीकाठच्या गावांत गोट्यांची कमी नाही. गोल, गुळगुळीत, हाताशी मिळणारे. पण हे दगड वर्षानुवर्षं पाण्यात पडलेले असतात. बाहेरून कोरडे दिसले तरी बारीक भेगांतून आणि छिद्रांतून पाणी आत शिरलेलं असतं. आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवून ते पूर्ण निघेल याची खात्री नाही.

असा गोटा निखाऱ्यात तापला की आतल्या पाण्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ झाली तर ती साधारण १,७०० लिटर जागा मागते. दगडाच्या पोटात तेवढी जागा कुठून येणार? वाट मिळाली नाही की दगड फुटतो. विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या खोदकामातून नुकताच निघालेला दगडही याच जातीचा समजा. तो जमिनीतला ओलावा घेऊन आलेला असतो.

पांढऱ्या ठिपक्यांचा काळा दगड

आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या दगडावर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा बाहेर आला, थिजला आणि हा दगड झाला. म्हणजे तो मुळात आगीचाच. मग तो चालेल का? याचं उत्तर दगड पाहून द्यावं लागतं.

काळ्या दगडाचे दोन प्रकार ढोबळमानाने ओळखता येतात. एक ठोकळ, घट्ट, छिद्रं नसलेला. हातोडीने मारला तर टणक आवाज येतो. दुसऱ्यात छिद्रं असतात आणि त्या छिद्रांत पांढरी किंवा हिरवट खनिजं भरलेली असतात. दगडावर पांढरे ठिपके, मण्यासारखे दाणे दिसतात ते हेच. त्यातली बरीच खनिजं झिओलाइट जातीची असतात, आणि झिओलाइटच्या अंगातच पाणी असतं. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने ते तापवून पाहिलं, तेव्हा ते उकळल्यासारखं फसफसलं. त्यावरून त्याने ग्रीक शब्द जोडून ‘उकळणारा दगड’ या अर्थाचं नाव दिलं. नावातच इशारा आहे. असा ठिपकेदार दगड खड्ड्याच्या आत कधीही लावू नका.

गारगोटीचंही तसंच. गारेचा दगड ५७३ अंशाच्या आसपास एकदम फुगतो आणि तडकतो. काळ्या दगडाच्या पोकळीत गारगोट्या बसलेल्या असतील तर तोही दगड बाजूला ठेवा.

ठोकळ, कोरडा, बऱ्याच काळापासून उघड्यावर उंच जागी पडलेला काळा दगड असेल तर तो बाहेरच्या कड्याला लावायला हरकत नाही. जाळ थेट लागतो त्या आतल्या बाजूला मात्र तोही नको. तापलेल्या दगडावर अचानक गार पाणी पडलं तर चांगला दगडही तडकतो.

वणीकडचा चुनखडी, घरोघरची शहाबादी

जिल्ह्याच्या पूर्वेला वणी, मारेगाव, झरी-जामणी या भागात जमीन बदलते. तिथे काळ्या दगडाऐवजी चुनखडी, वाळूचा दगड आणि खाली कोळसा सापडतो. वणी तालुक्यातलं राजूर तर चुन्याच्या भट्ट्यांसाठी माहितीचं आहे. त्या भट्ट्यांत काय होतं? चुनखडी साधारण ८५० ते ९०० अंशाला तापली की तिच्यातला वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर सुमारे ५६ किलो चुना मिळतो, बाकीचं हवेत जातं.

तुमच्या शेकोटीत हेच छोट्या प्रमाणात घडू शकतं. चुनखडीच्या दगडाचा पृष्ठभाग भाजून भुगा होतो. त्यावर पाऊस पडला किंवा कोणी पाणी ओतलं की तो चुना विरतो, फुगतो आणि गरम होतो. तो हाताला भाजतो, डोळ्यात गेला तर नजरेला धोका. त्यामुळे वणी भागातल्या वाचकांनी आपल्या पांढुरक्या दगडाचा मोह टाळावा. वाळूच्या दगडाचे थर असतात. त्या थरांत पाणी धरून राहतं आणि आगीत पापुद्रे उडतात.

शहाबादी फरशी बहुतेक घरांत उरलेली असते. सपाट असल्यामुळे खड्ड्याच्या तळाला ती अंथरण्याची इच्छा होते. पण शहाबादी हीसुद्धा चुनखडीच आहे, तीही थराथरांची. तळाला निखारे पडले की ती तडकते. ती ओट्यालाच शोभते.

सिमेंट कितीही पक्कं असलं तरी

‘सिमेंट म्हणजे पक्कं’ असं आपल्या मनात बसलं आहे. भिंतीसाठी ते खरं आहे, आगीसाठी नाही. सिमेंट घट्ट होतं ते पाणी पिऊन. ते पाणी त्याच्या अंगातच राहतं. काँक्रीट तापलं की आधी मोकळं पाणी वाफ होतं, मग ४०० ते ५०० अंशाच्या टप्प्यात सिमेंटची आतली बांधणीच मोडू लागते. वरचा थर कपच्या होऊन उडतो, कधी जोरात. आत गज असेल तर तो तापून वाढतो आणि काँक्रीट फोडतो.

म्हणून पुढील सामान आगीच्या खड्ड्यात वापरू नये :

शोषखड्ड्याची किंवा विहिरीची सिमेंटची रिंग. गोल आणि तयार मिळते म्हणून ती अनेकांना सोयीची वाटते.

गावात काम झाल्यावर उरलेले पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटचे ठोकळे.

फ्लाय अ‍ॅशची राखाडी वीट. औष्णिक वीज केंद्राच्या राखेत चुना, जिप्सम किंवा सिमेंट मिसळून ती दाबून बनवतात, ती भट्टीत भाजलेली नसते. घराच्या भिंतीला ती चांगली, शेकोटीला नाही.

सिमेंटचा चुरा घालून केलेला लेप आणि विटांच्या सांध्यात भरलेला सिमेंटचा माल. वीट टिकते, सांधा फुटतो, आणि मग वीटही ढासळते.

छपराचे सिमेंटचे पत्रे. हे तर अजिबातच नको. आपल्याकडच्या अशा पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे असतात. आगीत हे पत्रे मोठा आवाज करून फुटतात आणि त्यांचे बारीक धागे हवेत मिसळतात. ते फुप्फुसात गेले की वर्षानुवर्षांनी रोग होतो.

पत्रा, ड्रम आणि औषधाचे डबे

जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा घमेलं आगीत ठेवलं तर जस्त ४२० अंशाच्या आतच वितळतं. पुढे जास्त तापलं की त्याचा पांढरा धूर होतो. तो धूर नाकात गेला तर काही तासांनी हिवतापासारखी थंडी वाजून ताप येतो. लोक मलेरिया समजतात, कारण मात्र वेगळं असतं.

रिकामा ड्रम कापून खड्ड्यात बसवण्याची पद्धत आहे. ड्रममध्ये पूर्वी काय होतं ते आधी विचारा. डांबर, तेल, रंग, रसायन यांचा अंश आत राहतो. झाकणबंद ड्रम गॅसने किंवा कटरने कापताना आतल्या वाफेचा स्फोट होऊन माणसं दगावू शकतात.

आणि फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या, ड्रम? हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायची गरज पडू नये. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. तेच औषध डब्याच्या कडेला, बुडाला चिकटलेलं असतं. त्या डब्याचा खड्ड्याला आधार करणं किंवा ते शेकोटीत टाकणं म्हणजे विषाचा धूर घरादाराला देणं. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे रिकामी वेष्टनं पुन्हा वापरायची नाहीत. ती फोडून वस्तीपासून दूर पुरायची असतात. शेकोटी हा त्यांचा मार्ग नाही. तसंच पीव्हीसी पाइपचे तुकडे, टायर, रंगवलेल्या चौकटी आणि रासायनिक औषध मारलेलं लाकूडही जाळू नका.

मग लावायचं काय? पक्की भाजलेली वीट

आता आपल्या नियमाकडे परत येऊ. लाल मातीची वीट भट्टीत ९०० ते १,००० अंशाच्या आसपास भाजून निघते. म्हणजे शेकोटीची आग तिने आधीच सोसलेली असते. त्यामुळे साध्या शेकोटीसाठी आणि रोडग्यांच्या खड्ड्यासाठी पक्की वीट पुरेशी आहे. अट एकच, वीट खरोखर पक्की हवी. भट्टीच्या बाहेरच्या कडेची पिवळट, कच्ची वीट स्वस्तात मिळते, पण ती पहिल्याच पावसाळ्यात विरघळते.

वीट घेताना चार परीक्षा करा :

१) दोन विटा एकमेकींवर हलक्या आपटा. धातूसारखा टणटण आवाज आला तर वीट पक्की. भदभद आवाज आला तर परत द्या.

२) नखाने ओरखडा काढून पाहा. ओरखडा उठायला नको.

३) एक वीट फोडा. आत रंग सारखा हवा. चुन्याचे पांढरे खडे दिसले तर ती वीट नको. आगीत आणि मग पावसात हे खडे फुगतात आणि वीट फोडतात.

४) कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, मग पुन्हा वजन करा. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साध्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे तीन किलोच्या विटेचं वजन सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त वाढू नये. परीक्षा झालेली वीट मात्र नीट वाळल्याशिवाय आगीजवळ लावू नका.

ज्यांच्याकडे रोजचा मोठा जाळ असतो, उदाहरणार्थ खव्याची भट्टी, हॉटेल, मंगल कार्यालय, त्यांनी दुकानदार जिला ‘फायर ब्रिक’ म्हणतात ती भट्टीची फिकट वीट वापरावी. ती महाग असते, पण १,२०० अंशाच्या वरही टिकते. तिला सिमेंट नव्हे, तिच्यासाठी मिळणारी खास माती सांध्यात भरायची असते. घरच्या शेकोटीला मात्र एवढा खर्च करण्याची गरज नाही.

काळ्या मातीत खड्डा करताना

आपली काळी माती कापसाला आई आहे, पण बांधकामाला सवत आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. सरळ काळ्या मातीत विटा रचल्या तर दोन पावसाळ्यांत वर्तुळ वाकडं होतं. भेगांतून निखारे खाली उतरतात. जवळ जुना उकिरडा किंवा कुटाराचा थर पुरलेला असेल तर तो जमिनीखाली दिवसभर धुमसत राहतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून उकिरड्याच्या जागी खड्डा नको, आणि काळी माती काढून तिथे मुरूम भरायचा.

तीन फूट आतल्या रुंदीच्या गोल खड्ड्याचा हिशेब असा :

खणताना वर्तुळाची रुंदी पावणेपाच फूट ठेवा, खोली दीड फूट. तळाशी सहा इंच मुरूम टाकून पाणी शिंपून चोपणीने चांगला ठोका. त्यावर दोन इंच कोरडी रेती पसरा. मुरूम पाणी झिरपू देतो, रेती विटेला थोडं हलायला जागा देते.

मग नऊ इंची विटा आडव्या लावून गोल भिंत उभारा. एका थरात साधारण १२ विटा बसतात. पाच थर केले तर भिंत जमिनीच्या वर सात-साडेसात इंच येते. हा कठडा महत्त्वाचा आहे. निखारा घरंगळून बाहेर येत नाही आणि पावसाचं पाणी आत शिरत नाही. जमिनीवरच्या थरांत समोरासमोर अर्ध्या विटेची दोन-तीन भोकं ठेवा, म्हणजे हवा खेळते, लाकूड नीट जळतं आणि धूर कमी होतो.

तळाला सुमारे २५ विटा पसरून बसवा. फुटतूट धरून एकूण ९० ते १०० विटा लागतात. भिंतीच्या बाहेर जी सहा इंचांची पोकळी उरते तिच्यात मुरूम ठासून भरा. तापलेली वीट आणि फुगणारी काळी माती यांच्यामध्ये हा मुरमाचा पट्टा राहिला पाहिजे.

सांध्याला माती, आतून लेप

विटांच्या सांध्यात सिमेंट नको, मातीचा चिखल भरा. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. या विषयातला जाणकार शोधायला तालुक्याला जाण्याची गरज नाही. घरात चूल घालणाऱ्या आजीला, काकूला विचारा. नुसत्या काळ्या मातीची चूल तडकते हे तिला माहीत असतं. ती पांढरी किंवा पिवळी माती आणते, चाळते, शेण, राख, तूस किंवा बारीक कुटार मिसळते, दोन-चार दिवस भिजत ठेवते आणि मगच हात लावते. यामागे शास्त्र आहे. कुटार-तूस मातीला धरून ठेवतं. पहिल्या आगीत ते जळून गेलं की बारीक छिद्रं राहतात, त्यांतून वाफ निघून जाते आणि लेप फुटत नाही. रेती आणि राख मातीचं आक्रसणं कमी करतात.

प्रमाण साधारण असं धरा : पांढरी किंवा पिवळी माती दोन घमेली, चाळलेली बारीक रेती एक घमेलं, बारीक कुटार किंवा तूस अर्धं घमेलं, ताजं शेण अर्धं घमेलं. प्रत्येक ठिकाणची माती वेगळी, म्हणून आधी एका विटेवर लेप लावून वाळवून पाहा. भेगा पडल्या तर रेती वाढवा. हात लावताच झडला तर माती वाढवा. जुन्या गावठाणातली पांढरी माती आणताना ग्रामपंचायतीला विचारूनच आणा.

हा लेप आतून अर्धा इंच जाड द्या. विटेला जाळ थेट लागत नाही, विटेचं आयुष्य वाढतं. दरवर्षी थंडीच्या सुरुवातीला भेगा बुजवून नवा हात फिरवायचा. चुलीचं जे तंत्र, तेच इथे.

घाई केली की घात

काम झालं की त्याच रात्री शेकोटी पेटवायची घाई होते. विटा ओल्या, चिखल ओला, खालचा मुरूम ओला. पुन्हा तीच वाफेची गोष्ट. म्हणून आठ ते दहा दिवस खड्डा वाळू द्या. मग पहिल्या दिवशी दोन-चार गोवऱ्यांची मंद धग अर्धा तास. दुसऱ्या दिवशी एक तास, तिसऱ्या दिवशी थोडं लाकूड. लेपातून वाफ निघायची थांबली, रंग सगळीकडे सारखा फिका झाला, की मोठा जाळ करायला हरकत नाही. पावसाळ्यानंतर दरवर्षी पहिल्या वेळी हेच करा. पावसाळ्यात खड्ड्यावर झाकण ठेवलं तर काम निम्मं होतं.

शेकोटी विझवताना तापलेल्या विटांवर बादलीभर पाणी फेकू नका. निखारे पसरवा, वरून राख आणि कोरडी माती टाका, आणि मग हाताने थोडंथोडं पाणी शिंपडा.

पंगतीचं चुलाण : इथे चूक नको

घरच्या शेकोटीपेक्षा मोठा धोका सार्वजनिक स्वयंपाकाला आहे. चर खोदून दोन्ही बाजूंना मिळतील ते दगड लावतात आणि त्यावर वरणाचा गंज, भाजीची कढई चढवतात. चाळीस-पन्नास लिटर उकळतं वरण दोन-तीन दगडांवर तोललेलं असतं. त्यातला एक गोटा तडकला तर भांडं कलतं, आणि शेजारी उभे असलेले आचारी आणि वाढपी पोरं भाजतात. म्हणून भांड्याचं वजन दगडावर टाकू नका. जाड लोखंडी तिवई किंवा अँगलची घोडी करून घ्या. एकदाचा खर्च आहे, गावाच्या सामाईक भांड्यांसोबत ती ठेवता येते. चराच्या बाजू पक्क्या विटांनी कोरड्याच रचा. कार्य संपलं की विटा काढून ठेवता येतात.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांच्यासाठी

गावात आता सिमेंटचे रस्ते झाले. होळी आणि चौकातली शेकोटी त्याच रस्त्यावर पेटते. त्याने दोन नुकसान होतात : काँक्रीटच्या कपच्या उडून माणसांना लागू शकतात, आणि गावाच्या पैशातून झालेला रस्ता त्या जागी पोखरला जातो. होळीची जागा शक्यतो मातीवरच ठरवावी. पर्याय नसेल तर आधी रस्त्यावर कोरड्या मातीचा किंवा मुरमाचा किमान सहा इंच थर द्यावा. बसथांब्याजवळ लोक रोज शेकत असतील तर वर सांगितल्याप्रमाणे एक पक्का खड्डा करून देणं सोयीचं पडेल. गावात कामावरून उरलेले पेव्हर आणि रिंगा कोणी शेकोटीला नेत असेल तर त्याला कारण समजावून सांगावं.

घरातला कापूस विसरू नका

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. भाव वाढेल या आशेने डिसेंबर-जानेवारीत कित्येक घरांत, ओसरीत, कोठ्यात कापूस भरलेला असतो. गोठ्याशेजारी कडबा आणि कुटार. वर्षाची सगळी कमाई एका ठिणगीच्या अंतरावर असते. म्हणून खड्डा घर, गोठा, गंजी आणि कापसापासून किमान वीस फूट दूर ठेवा. वाऱ्याची दिशा पाहून आणखी लांब. वर विजेची तार किंवा झाडाची फांदी नको. जवळ पाण्याची भरलेली बादली आणि मातीचा ढीग हवाच. रात्री झोपण्यापूर्वी निखारा पूर्ण विझला की नाही ते हाताची पाठ लांबून धरून तपासा. थंडी फार आहे म्हणून घमेल्यात इस्तो भरून बंद खोलीत नेऊ नका. निखाऱ्याचा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही.

कोणी भाजलंच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. डोळ्यात कपची गेली तर डोळा चोळू नका, स्वच्छ कापडाने झाकून सरळ दवाखाना गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

खड्ड्याला लागणाऱ्या शंभर विटा आणि दोन-तीन घमेली माती ही काही मोठी गुंतवणूक नाही. नाल्यातला गोटा फुकट मिळतो हे खरं, पण त्याची किंमत लेकराच्या डोळ्याने मोजायची वेळ येऊ नये. या थंडीत नवा खड्डा करणार असाल तर आधी वीट वाजवून पाहा. जुना खड्डा असेल तर पेटवण्यापूर्वी एकदा आतून नजर फिरवा; गोटा, ठिपक्यांचा दगड किंवा सिमेंटचा तुकडा दिसला तर आजच काढून टाका.